चॉपी पाण्यात बोर्ड आपटतो, पॉप मिळत नाही: बोर्ड बदलायचा की सेटिंग?

काइटबोर्डिंग करणाऱ्यांची, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीवर पायाखालच्या बोर्डाने पाण्यावर धावणाऱ्यांची, तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. सकाळी-दुपारी पाणी जरा शांत असताना बोर्ड मस्त चालतो, अपविंड, म्हणजे वाऱ्याच्या दिशेवर चढत, जातो, छोट्या उड्याही निघतात. तीन वाजता वारा चढतो, पाणी तुटायला लागतं (या जवळ-जवळच्या बारीक लाटा म्हणजेच चॉप) आणि तोच बोर्ड वैऱ्यासारखा वागतो. पुढच्या टोकावरून फवारे थेट डोळ्यांत, गुडघ्यांना एसटीच्या शेवटच्या सीटवर बसल्यासारखे हादरे, आणि उडीसाठी एज (बोर्डाची कड) दाबून पॉप, म्हणजे पाण्यावरून वर उसळी, घ्यायला जावं तर नेमक्या त्याच क्षणी शेपटी (मागचं टोक) सुटते. मग माणूस वैतागून किनाऱ्यावर येतो आणि विचारतो, "फ्रीस्टाइलसाठी, म्हणजे उड्या आणि कसरतींसाठी, कुठला बोर्ड घेऊ?"

थांबा, पाकीट आत ठेवा. यातले काही दोष स्क्रू-ड्रायव्हरने जातात, काही पायांच्या सवयीने. उरतात त्यांच्यासाठी बोर्ड बदलावा लागतो, पण तेव्हाही दुकानात "फ्रीस्टाइल" म्हणून पुढे केलेला सगळ्यात कडक, सगळ्यात महाग बोर्ड तुमच्या कामाचा असेलच असं नाही. कारण साधं आहे. फ्रीस्टाइलचे जे व्हिडिओ बघून आपण वेडे होतो ते कुठे घेतलेले असतात बघा: ब्राझीलमध्ये कुंबुकोजवळचं कौईपेचं तळं, वायव्य आफ्रिकेतलं डाखलाचं लगून (आडोशाचं खारं तळं), दक्षिण आफ्रिकेतली लांगेबानची खाडी. वारा तुफान आणि पाणी मात्र ताटात ओतल्यासारखं सपाट. त्या पाण्यासाठी बनवलेला बोर्ड गोव्यातल्या मोरजीच्या दुपारच्या समुद्रात घातला की तो आपटणारच. त्यात बोर्डाचा काय दोष?

पाणी असं का होतं

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, ते इथे कामाला येतात. फेब्रुवारीपासून मेपर्यंत गोव्याच्या किनाऱ्यावर दुपारी जमीन तापते आणि समुद्रावरून वायव्येचं खारं वारं सुटतं. मोरजी, आश्वे, मांद्रे इथे काइटबोर्डिंग चालतं ते मुख्यतः याच वाऱ्यावर. हा वारा उघड्या समुद्रावरून येतो, मध्ये काही आडवं नाही, त्यामुळे त्याने उठवलेल्या बारीक लाटा थेट तुमच्या पायाखाली येतात. अशा लाटा दोन-दोन सेकंदांनी येत असतील तर दोन लाटांमधलं अंतर साधारण सहा मीटर भरतं. तुम्ही तासाला पंचवीस किलोमीटरच्या वेगाने, थोडं अपविंड धरून निघालात, तर जवळजवळ सेकंदाला एक धक्का बसतो. उडीची तयारी करायला, म्हणजे बोर्ड सपाट सोडून परत एज चढवायला, दोन-तीन सेकंद लागतात. म्हणजे एका उडीच्या तयारीत दोन-तीन धक्के धरूनच चालायचं.

मोरजीला आणखी एक गंमत आहे. तिथे शापोरा नदी समुद्राला मिळते. ओहोटीला नदीचं पाणी बाहेर धावतं आणि वारा समोरून आत येतो. पाण्याचा प्रवाह आणि वारा एकमेकांच्या तोंडावर आले की लाटा जवळ-जवळ येतात आणि उभ्या होतात. त्यामुळे तोच वारा, तोच बोर्ड, पण भरतीला चाललं आणि ओहोटीला नाही, असा अनुभव आला तर चक्रावून जाऊ नका. बोर्डावर निकाल देण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा आणि नदीच्या मुखापासून उत्तरेला सरकून एकदा चालवून बघा. कित्येकांचा "खराब" बोर्ड अर्धा किलोमीटर सरकल्यावर सुधारतो.

याच्या उलट उदाहरण रामेश्वरमचं. धनुष्कोडीकडे जाणारी वाळूची चिंचोळी पट्टी: उत्तरेला पाल्कचा उपसागर, दक्षिणेला मन्नारचं आखात. उन्हाळ्या-पावसाळ्यात नैऋत्येचा वारा दक्षिणेकडून पट्टी ओलांडतो, तेव्हा उत्तरेच्या कडेला पाणी सपाट मिळतं. हिवाळ्यात ईशान्येच्या वाऱ्यावर उलट. फ्रीस्टाइल शिकायला असं पाणी सोन्यासारखं. मात्र तिथे वारा किनाऱ्यापासून आत समुद्रात नेणारा असतो, म्हणून सोबत बचावाची होडी नसेल तर जाऊ नये. गोव्यातून तिथे चार दिवस गेलेला माणूस परत येऊन म्हणतो, "तिथे तर हाच बोर्ड भारी चालत होता." बरोबरच आहे, पाणी वेगळं होतं.

आधी स्क्रू-ड्रायव्हर घ्या

बोर्ड वाळूवर नाही, टॉवेलवर उलटा ठेवा. चारही फिन (तळाला लावलेले छोटे पर) एकेक करून बोटांनी हलवा. एखादी फिन जरा जरी डुगडुगली तरी चॉपमध्ये शेपटी सुटण्याचं कारण सापडलं म्हणून समजा. सपाट पाण्यात तीन फिनवरही बोर्ड निमूट चालतो, म्हणून हरवलेली फिन आठवडाभर लक्षात येत नाही. खडकाळ जागी बोर्ड टेकवला असेल तर फिनची कड चाचपून बघा. वाकलेली, खरवडलेली फिन पाण्यात हवा ओढते आणि पकड जाते.

मग बोर्ड सरळ करून पॅड (पाय ठेवायची गादी) दोन्ही हातांनी पिळून बघा. पॅड जागेवरून अर्धा सेंटिमीटर जरी सरकत असेल तर तुमची टाच बोर्डाला सांगते एक आणि बोर्ड करतो दुसरंच. पॅडचे स्क्रू काढा, खाली साचलेली वाळू पुसा, पॅड परत बसवा आणि स्क्रू हाताने घट्ट करा. ड्रिल मशीन लावू नका, इन्सर्टचे (बोर्डात बसवलेल्या, स्क्रू पकडणाऱ्या भोकांचे) आटे जातात. बहुतेक बोर्डांना एम-६ मापाचे स्टेनलेस स्क्रू लागतात, पण त्यांची लांबी वेगवेगळी असते. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला लांब स्क्रू बिनधास्त पिळला तर बोर्डाच्या तळातून टोक बाहेर काढतो. जुना स्क्रू सोबत न्या आणि शेजारी धरून घ्या.

स्ट्रॅपकडेही (पाय अडकवायच्या पट्ट्याकडे) बघा. शिकताना सैल ठेवलेला स्ट्रॅप तसाच राहून जातो. पाय पॅडवरून थोडा उचलला जात असेल तर प्रत्येक लाटेला आधी बोर्ड आपटतो आणि मग त्यावर तुमचा पाय आपटतो. ओल्या पायाने घालताना किंचित जोर लागला पाहिजे, इतकं घट्ट करा. टाचा बोर्डाच्या कडेच्या जितक्या जवळ, तितका एजवर जोर जास्त. पुष्कळ पॅडना टाचेच्या दिशेने थोडं सरकवायची सोय असते, ती वापरा. गुडघे दुखत असतील तर पावलं समांतर ठेवू नका, बोटं थोडी बाहेर वळवा आणि स्टान्स (दोन पावलांमधलं अंतर) एका भोकाने आत घेऊन बघा. फार रुंद उभं राहिलं की गुडघे नीट वाकत नाहीत, आणि चॉप शेवटी गुडघ्यांनीच शोषायचा असतो.

सेटिंग नीट असूनही होतंय?

मग काइट बघा. चॉपमध्ये आपटणाऱ्या दहांतल्या बऱ्याच जणांच्या डोक्यावर गरजेपेक्षा मोठा काइट असतो. वारा हलका म्हणून बारा चौरस मीटरचा लावला, मग तो चढला आणि बदलायचा कंटाळा केला. जादा ओढ म्हणजे जादा वेग, जादा वेग म्हणजे जादा धक्के, आणि त्या वेगात एज धरवत नाही. बार (काइट चालवायची दांडी) सतत बाहेर ढकलून चालवावा लागत असेल तर बोर्डाबद्दल बोलणंच व्यर्थ आहे. अनहूक करणाऱ्यांनी (बार कमरेच्या हुकातून सोडवून ट्रिक करणाऱ्यांनी) ट्रिम, म्हणजे काइटची ओढ कमी करायची पट्टी, आधीच थोडी ओढून ठेवावी, नाहीतर बार पूर्ण आत आल्यावर काइट मागे पडतो आणि पॉपच्या वेळी दोऱ्यांत ताणच उरत नाही. ही चूक लोक सर्रास "बोर्डाला पॉप नाही" या खात्यात टाकतात.

नजर कुठे असते तेही महत्त्वाचं. सपाट पाण्यात कुठेही पॉप करता येतं, चॉपमध्ये जागा निवडावी लागते. वेग थोडा कमी करा, किंचित डाउनविंड (वाऱ्याच्या दिशेने) सोडा, समोर येणारी एखादी बरी लाट हेरा आणि तिच्या चढणीवर एज दाबा. लाट तुमच्याकडे येतेय, तुम्ही वाऱ्याकडे वळताय. त्यामुळे ती आपसूक रॅम्पचं काम करते. चढण संपता संपता मागच्या पायावर जोर देऊन तो ताठ करायचा. उशीर झाला आणि लाटेच्या पाठीवर पॉप केलं तर पायाखाली पाणीच नसतं. उतरताना टोक थोडं डाउनविंड ठेवा, म्हणजे लाटांच्याच दिशेने जाता आणि आपट बरीच कमी होते.

एवढं करूनही तेच रडगाणं चालू असेल, तर हरकत नाही, बोर्डावर या.

रॉकर: इथे वेळ घालवा

चॉप आणि फ्रीस्टाइल या दोन्हींत सगळ्यात जास्त फरक पाडणारी गोष्ट म्हणजे रॉकर, बोर्डाची टोकं वर किती वळली आहेत ते माप. ब्रोशरमध्ये ते क्वचितच छापतात. मापायला मात्र काही लागत नाही. फिन काढून बोर्ड लादीवर ठेवा आणि टोक जमिनीपासून किती वर आहे ते पट्टीने बघा. दोन बोर्डांची तुलना करायची असेल तर ते तळाला तळ लावून उभे धरा. टोकांशी जी फट दिसेल ती बघून लगेच कळतं. मी एकदा एकाच कंपनीचे, एकाच लांबीचे दोन बोर्ड असे धरून दाखवले होते. एकावर फ्रीराइड (साध्या फिरण्यासाठीचा), दुसऱ्यावर फ्रीस्टाइल असा शिक्का. वरच्या टोकाशी फटीत अख्खं बोट घालता आलं, आणि बघणाऱ्याचा चेहरा असा होता की हे आधी कुणी सांगितलं का नाही!

कमी रॉकरचा, म्हणजे सपाट बोर्ड लवकर पाण्यावर चढतो, अपविंड छान जातो, हलक्या वाऱ्यात तारतो. गोव्यात वारा बहुतेक दिवस बारा-पंधरा नॉटच्या घरात म्हणून दुकानदार असाच बोर्ड देतात, आणि शिकणाऱ्यासाठी ते योग्यच आहे. पण त्याची टोकं लाटेत घुसतात, पाणी उडवतात आणि उतरताना सगळा तळ एकदम पाण्यावर आदळतो. जास्त रॉकरचा बोर्ड लाटेवरून घसरत जातो, उतरणं मऊ होतं, टोक अडकत नाही. बदल्यात तो जरा आळशी असतो: पाण्यावर चढायला जास्त ओढ मागतो आणि अपविंड कमी जातो.

रॉकरचा आकारही बघा. काही बोर्डांचा मधला भाग जवळजवळ सपाट असतो आणि टोकांशी अचानक वळण येतं; हा तीन टप्प्यांचा रॉकर. असा बोर्ड जोरात, सरळ वर उडवतो. चॉपमध्ये मात्र तो मधला सपाट भाग आपटत राहतो. दुसऱ्या प्रकारात एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग, एकसारखी कमान असते. पॉप थोडं सौम्य, पण कुठल्या क्षणी बोर्ड काय करेल ते आधी कळतं. खवळलेल्या पाण्यात मला तेच महत्त्वाचं वाटतं. म्हणून शिफारस एकच: समुद्रावर फ्रीस्टाइल करायची असेल तर सलग कमानीचा, मध्यमपेक्षा थोडा जास्त रॉकरचा बोर्ड. लगूनसाठीचा तीन टप्प्यांचा बोर्ड ज्यांच्याकडे लगून आहे त्यांनी घ्यावा.

फ्लेक्स (लवचिकपणा) आणि वजन

नवशिक्याला कडक बोर्ड म्हणजे चांगला बोर्ड वाटतो. कडक बोर्ड पॉप देतो हे खरं, पण प्रत्येक लाट जशीच्या तशी गुडघ्यांपर्यंत पोचवतो. फार मऊ बोर्ड चॉप पिऊन टाकतो आणि पॉपही. मधला मार्ग म्हणजे दोन पायांमधला भाग कडक आणि टोकं थोडी लवचिक. तपासायचं कसं? एक टोक जमिनीवर टेकवा, दुसरं एका हाताने धरा आणि दुसऱ्या हाताने बोर्डाच्या मध्यावर दाब द्या. मग हात सरकवत टोकापाशी दाबा. टोक किंचित लवतंय आणि मध्य लवत नाही, तर काम झालं.

कार्बनचं आकर्षण थोडं बाजूला ठेवा. संपूर्ण कार्बनचा बोर्ड हलका आणि तरतरीत असतो, पण काचतंतूचा बोर्ड धक्के जास्त शोषतो, आणि इथे तेच हवं. आतला गाभा दोन्हींत बहुतेकदा पॉलोनिया लाकडाचा असतो. बोर्ड दोनशे-तीनशे ग्रॅमने हलका झाला म्हणून कुणाचा अनहूक रेली (अंग मागे लांबवून मारायची उडीची ट्रिक) सुधारला, असं मी तरी पाहिलेलं नाही.

माप: लांबीपेक्षा रुंदी

सगळे लांबीबद्दल बोलतात, "एकशे अडतीसचा घेऊ का चाळीसचा?" चॉपमध्ये फरक पडतो तो रुंदीने. रुंद बोर्ड म्हणजे पाण्यावर जास्त पृष्ठभाग, म्हणजे जास्त आपट, आणि टाचेच्या एजवरून चवड्याच्या एजवर यायला उशीर. वाऱ्याच्या दिवशी एक सेंटिमीटर अरुंद बोर्ड लगेच जाणवतो. साधारण पंच्याहत्तर किलोच्या माणसाला १३७ ते १३९ लांब आणि ४१ सेंटिमीटर रुंद बोर्ड ठीक. साठ किलोला १३२ ते १३५ आणि ३९-४०. नव्वदच्या पुढे १४१-१४३ आणि ४२-४३. दोन मापांमध्ये अडकलात तर लहान घ्या. हलक्या वाऱ्यासाठी जुना मोठा बोर्ड असेलच, तो विकू नका. पंधरा नॉटच्या आत तोच काढायचा आणि त्या दिवशी फ्रीस्टाइलचा हट्ट धरायचा नाही.

तळाच्या खोबणी, कॉन्केव्ह (तळाचा आत गेलेला बाक) यांवर दुकानात खूप बोलणं होतं. मधोमध हलका व्ही किंवा दुहेरी कॉन्केव्ह असेल तर आपट थोडी तुटते, इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे. फिन चार ते पाच सेंटिमीटरच्या येतात. चॉपमध्ये शेपटी सुटत असेल तर पाचच्या लावून बघा. फिरकीच्या ट्रिक करताना त्या अडकायला लागल्या की परत चारवर या. चार फिनचा खर्च बोर्डापुढे काहीच नाही.

बूट घ्यावेत का? फ्रीस्टाइलमध्ये बुटांचा फायदा मोठा आहे, पाय सुटत नाही. पण मोरजी-आश्व्याला किनाऱ्यावर लाटा फुटतात आणि बूट पाण्यात बसून घालावे लागतात. काइट एका हातात, लाट डोक्यावर, आणि दुसऱ्या हाताने नाडी ओढायची. ज्याला हे जमतं त्याने घ्यावेत. बाकीच्यांनी चांगले, खोल स्ट्रॅप लावून आधी रेली पक्का करावा.

एक गोष्ट कुणीच सांगत नाही: बोर्डाचा रंग. चॉपमध्ये पडलात की बोर्ड वाहत जातो, तुम्ही पाण्याच्या पातळीवरून शोधता, आणि मध्ये लाटा. गडद निळा किंवा राखाडी बोर्ड वीस मीटरवरही दिसत नाही. बोर्ड बऱ्याचदा उलटा तरंगतो, म्हणून तळाचा रंग बघा: नारिंगी, पिवळा, पोपटी. सापडावा म्हणून बोर्डाला दोरी मात्र बांधू नका. ताणलेली दोरी बोर्ड थेट डोक्यावर आणते.

जुना बोर्ड घेताना

मे उजाडला की पाहुणे रायडर आवराआवर करतात आणि चांगले बोर्ड निम्म्या किमतीत मिळतात. त्यात काही अप्रतिम असतात, काही फक्त वरून. बोर्ड उन्हात तिरका धरून तळावरून नजर फिरवा. इन्सर्टभोवती बारीक, कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा दिसल्या तर तो खूप उड्या सोसलेला आहे. कडेवर अंगठ्याने दाबत पूर्ण फेरी मारा. एखाद्या जागी कड फुगलेली किंवा मऊ लागली तर आत पाणी गेलंय, मग तो कितीही स्वस्त असो, सोडा. नाण्याने तळावर टकटक करा; आवाज एका जागी बद्द झाला की तिथे थर सुटलाय. इन्सर्टमध्ये तांबूस गंज दिसला तर प्रत्येक स्क्रू स्वतः पूर्ण काढून परत बसवून बघा, विकणाऱ्याच्या "चालतंय हो"वर जाऊ नका.

आणि शक्य असेल तर एक तास मागून घ्या. तो तास सकाळच्या गुळगुळीत पाण्यावर घालवू नका. दुपारी चारला, ओहोटी लागल्यावर, तुमच्याच काइटवर चालवून बघा, आणि आपल्या जुन्या बोर्डावर लगेच परत येऊन तुलना करा. व्यवहार ठरला की फिन, पॅड, हँडल आणि सगळे स्क्रू तिथेच मोजून घ्या. विकणारा माणूस पुढच्या आठवड्यात विमानात असतो, आणि त्या कंपनीचा नेमक्या लांबीचा फिन-स्क्रू पणजीत शोधत फिरायची वेळ येते.